जमिनीवरील आरक्षण आणि भरपाईचे माप

आरक्षण हा शब्द कानी पडताच आपल्या वाचकांच्या मनात शाळेतील, नोकरीतील व कायदेमंडळातील राखीव जागा उभ्या राहतात. प्रस्तुत लेखाचा विषय ते आरक्षण नव्हे. येथे ज्या आरक्षणाचा विचार करावयाचा आहे ते नगररचनेच्या नकाशावरचे आहे. ते माणसाला जागा देत नाही, माणसाच्या जागेवर येऊन बसते. ह्या दुसऱ्या आरक्षणाविषयी आपल्या समाजात फारच थोडी माहिती आहे, आणि ज्यांना ती होते त्यांना ती बहुधा वेळ निघून गेल्यावर होते, असा माझा वकिलीतील अनुभव आहे.

गेल्या पावसाळ्यात खंडाळा तालुक्यातील एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. खंडाळा म्हणजे पुणे-सातारा महामार्गावरचे, खंबाटकी घाटाच्या अलीकडचे; लोणावळ्याशेजारचे हवा खाण्याचे खंडाळे नव्हे. ह्या गृहस्थांच्या कुटुंबाने नुकताच बौद्ध धम्म स्वीकारला आहे. त्यांची वीस गुंठे जमीन एका लहान नगरपालिकेच्या वाढीव हद्दीत आहे. पूर्वजांच्या वतनाचा तो हाडोळा. मुलगा मुंबईहून परत येऊन तेथे घर व एक लहानसे दुकान बांधणार होता. बांधकामाची परवानगी मागितली तेव्हा समजले की विकास योजनेत ह्या जमिनीवर सार्वजनिक उद्यानाचे आरक्षण आहे. हरकतीची मुदत केव्हाच संपली होती. नोटीस वर्तमानपत्रात छापली होती आणि कार्यालयाच्या फलकावर लावली होती. कायद्याचे समाधान तेवढ्याने झाले होते.

"वकीलसाहेब, जमीन गेली का आहे?" त्यांनी विचारले.

"आहे. सातबाऱ्यावर नाव तुमचेच आहे."

"मग घर का बांधता येत नाही?"

ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला तासभर लागला. तेच उत्तर थोडे सविस्तर येथे मांडीत आहे. कारण खंडाळा, शिरवळ, लोणंद ह्या पट्ट्यात महामार्ग आणि कारखान्यांमुळे गावांचे रूप पालटत आहे. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत येते, नगरपंचायतीमागोमाग विकास योजना येते, आणि योजनेबरोबर नकाशावरचे रंग येतात. औद्योगिक क्षेत्रासाठी होणारे संपादन वेगळ्या कायद्याखाली चालते. त्याचा विचार येथे केलेला नाही.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की जमिनीची मालकी ही एकच अखंड वस्तू नाही. कसण्याचा हक्क, विकण्याचा हक्क, वारसांना देण्याचा हक्क आणि बांधण्याचा हक्क अशा अनेक हक्कांची ती जुडी आहे. नकाशा ह्या जुडीतून एकच काडी काढून घेतो, परंतु शहराच्या कडेच्या जमिनीचे बहुतेक मोल त्या एका काडीतच असते. बाकीची जुडी मालकाच्या हाती राहते म्हणून सरकार म्हणते, आम्ही काही घेतलेच नाही.

सरकारचा हा युक्तिवाद नवा नाही. घटनेच्या मूळ ३१ व्या अनुच्छेदात मालमत्ता घेतल्यास भरपाई देण्याचे बंधन होते. १९५३ साली बेला बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरपाई म्हणजे घेतलेल्या वस्तूच्या पूर्ण बरोबरीची रक्कम, असा अर्थ लावला. लगोलग १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने भरपाईच्या पुरेपणाचा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढला गेला. शिवाय मालकी किंवा ताबा सरकारकडे जात नसेल तर ते संपादनच नव्हे असेही लिहिले गेले. त्याच चर्चेत बाबासाहेबांनी राज्यसभेत स्वच्छ सांगितले होते की ह्या अनुच्छेदाची जबाबदारी मसुदा समिती घेऊ शकत नाही. पुढे ४४ व्या दुरुस्तीने १९७९ पासून मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला आणि ३०० अ हा अनुच्छेद उरला. ३१ व्या अनुच्छेदाचे शब्द गेले, परंतु ताबा घेतला नाही म्हणजे काही घेतले नाही, ही समजूत मात्र कार्यालयांतून गेली नाही.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. एक, विभाग बदलणे. म्हणजे जमीन निवासी विभागातून काढून शेती, हरित किंवा ना-विकास विभागात टाकणे. दुसरी, आरक्षण, म्हणजे शाळा, रस्ता, बाजार, उद्यान यांसाठी पुढे घ्यावयाची म्हणून जमीन राखून ठेवणे. पहिल्या प्रकारात आपल्याकडे केवळ बांधण्याचा हक्क गेला म्हणून पैशाची भरपाई मिळत नाही. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. डोंगर व पाणी राखण्यासाठी ते आवश्यक होते, याविषयी माझा वाद नाही. परंतु ज्या लहान खातेदारांच्या बांधण्यावर त्यामुळे बंधने आली, त्यांनी त्या डोंगराची किंमत एकट्याने का मोजावी, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

दुसऱ्या प्रकारासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यात तीन दरवाजे आहेत. कलम १२६ प्रमाणे आरक्षित जमीन तडजोडीने रक्कम देऊन घेता येते, तिच्या मोबदल्यात विकास हक्क देता येतात किंवा भूमिसंपादन कायद्याखाली ती संपादन करता येते. कलम १२७ असे की योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक किंवा हितसंबंधी व्यक्ती नोटीस देऊ शकते, आणि नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती. ती बारा महिन्यांची झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस महिन्यांची. नगरपालिकेने नुसता ठराव करून तो सरकारकडे पाठवणे म्हणजे पाऊल उचलणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात ठरवले व २०१३ मध्ये श्रीरामपूर नगरपरिषदेच्या खटल्यात पुन्हा बजावले. तिसरा दरवाजा कलम ४९ चा, आणि तो वकिलांनाही फारसा आठवत नाही. योजनेत सक्तीने संपादन करावयाची म्हणून दाखवलेली जमीन त्या निर्देशामुळे कमी किंमतीखेरीज विकता येत नसेल, तर मालक सरकारला खरेदीची नोटीस देऊन 'घ्या किंवा सोडा' असे म्हणू शकतो. आरक्षण नसते तर काय किंमत आली असती आणि आता काय येते, ही तुलना कायद्याने स्वतःच्याच शब्दांत येथे मान्य केली आहे. दुर्दैव एवढेच की ही तुलना दरवाजा उघडण्यापुरती मानली आहे, भरपाई मोजण्यासाठी नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. गेलेल्या हक्काचे मोल मोजायचे कसे?

मोजण्याची रीत सोपी आहे. आरक्षण नाही असे समजून जमिनीची किंमत काढावी. मग आरक्षणासह किंमत काढावी. वजाबाकी म्हणजे नुकसान. अडचण आहे ती पहिली किंमत काढताना. अधिकारी म्हणतो, तुमची जमीन आज शेतीच आहे, तेव्हा शेतीचा भाव घ्या. ह्याला उत्तर १९३९ सालीच मिळाले आहे. विशाखापट्टणमजवळच्या एका जमिनीतील झऱ्याच्या पाण्यावरून राजा व्यरिचर्ला यांचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला, आणि जमिनीचे बाजारमूल्य म्हणजे तिचा आजचा उपयोग एवढेच नव्हे, तिच्या अंगी असलेल्या शक्यताही त्यात मोजल्या पाहिजेत, असा निर्णय झाला. भारतातील न्यायालये आजही तो प्रमाण मानतात. अधिकाऱ्याचा दुसरा डाव असा की, जमिनीवर आरक्षण आहे, आरक्षित जमीन कोण घेतो, म्हणून भाव कमी. हे तर चोराने वस्तू फोडून मग फुटक्या वस्तूचा दाम देण्यासारखे झाले. १९४७ च्या पॉइंट गूर्डच्या निकालाने असे तत्त्व घालून दिले की ज्या योजनेसाठी जमीन घ्यावयाची त्याच योजनेमुळे चढलेला भाव मालकाला मिळणार नाही. योजनेने चढलेला भाव मालकाचा नसेल, तर योजनेने उतरलेला भावही मालकाच्या माथी मारता येणार नाही. न्यायाची तागडी एका बाजूने मोकळी व दुसऱ्या बाजूने बांधलेली असू शकत नाही.

२०१३ च्या भूमिसंपादन कायद्याचे कलम २६ बाजारमूल्य ठरवताना रेडीरेकनरचा दर आणि आसपासच्या मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या खतांची सरासरी यांतील जे अधिक ते घेण्यास सांगते. त्यावर ग्रामीण भागात एक ते दोन पटीचा गुणक आणि मग शंभर टक्के दिलासा रक्कम. कागदावर हे उदार आहे. परंतु आपल्या लोकांच्या जमिनींचे काय होते पाहा. वतनी जमीन परवानगीशिवाय विकताच येत नव्हती, म्हणून तिची खरेदीखतेच नाहीत. तुमच्या जमिनीच्या विक्रीचा पुरावा आणा, असे ज्याला सांगितले जाते त्याला विक्रीची मनाई त्याच सरकारने केलेली असते. अशा वेळी बांधालगतच्या बिनशर्त जमिनीची खते दाखल केली पाहिजेत, आणि ती आपणच शोधून काढावी लागतात.

येथून आमच्या दुहेरी नुकसानीची कथा सुरू होते.

महारवतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले ते वाचकांस ठाऊक आहे. गावकीची वेठ जावी आणि जमीन रयतेसारखी आपल्या लोकांच्या नावे राहावी, हा त्यामागचा हेतू. वतने प्रत्यक्ष नष्ट झाली ती १९५८ च्या कायद्याने, १९५९ पासून. कब्जाहक्काची रक्कम भरून जमिनी पुन्हा मिळाल्या, पण नव्या व अविभाज्य शर्तीवर. म्हणजे आजच्या भाषेत भोगवटादार वर्ग २. अशा जमिनीचा बिनशेती उपयोग करावयाचा तर चालू बाजारभावाच्या निम्मा नजराणा सरकारात भरावा लागतो.

आता हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. समजा शेतीचा भाव गुंठ्याला ५० हजार आणि बांधता येणाऱ्या जमिनीचा भाव गुंठ्याला २ लाख आहे. बिनशर्त जमीन असलेल्या शेजाऱ्याच्या वीस गुंठ्यांवर आरक्षण पडले तर त्याचे नुकसान गुंठ्यामागे दीड लाख, एकूण ३० लाख. आमच्या वृद्ध गृहस्थांच्या वीस गुंठ्यांवर तेच आरक्षण पडले तर अधिकारी म्हणतो, तुम्हाला बांधण्यासाठी गुंठ्यामागे एक लाख नजराणा भरावाच लागला असता; तेव्हा तुमच्या हाती उरले असते एक लाख; त्यातून शेतीचे ५० हजार गेले; म्हणजे नुकसान गुंठ्यामागे ५० हजार, एकूण १० लाख. माती तीच, उद्यान तेच, क्षेत्र तेवढेच. आणि नुकसान एक तृतीयांश! वर्ग २ हे अक्षर दिसताच सरकारचा वाटा कापून घेतलेले हिशेब मी स्वतः पाहिले आहेत.

हा हिशेब मला मान्य नाही. नजराणा ही परवानगीची किंमत आहे. जी परवानगी सरकारने नाकारली तिची किंमत सरकार कापून घेऊ शकत नाही. शिवाय ती शर्त कशासाठी होती? सावकाराने व धनिकाने दुबळ्याची जमीन गिळू नये म्हणून. मालकाच्या संरक्षणासाठी उभारलेली भिंत सरकारने मालकाविरुद्धच दाम पाडण्यासाठी वापरावी, हा त्या कायद्याचा हेतू होता असे कोणीही म्हणणार नाही. जमीन विकून नफा कमावणाऱ्याकडून नजराणा घ्यावा की नाही हा स्वतंत्र विषय आहे. ज्याची जमीन सार्वजनिक कामासाठी अडवली त्याच्या भरपाईतून तो वजा होता कामा नये.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो आपल्यातूनच येतो. एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, "बाबासाहेब तर शेतजमीन सरकारच्या मालकीची करा म्हणत होते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी जमिनीच्या संभाव्य किंवा न कमावलेल्या मूल्याची भरपाई देऊ नये असे लिहिले आहे. मग तुम्ही त्याच संभाव्य मूल्यासाठी कसे भांडता?"

आक्षेप खरा आहे. १९४७ च्या त्या पुस्तकात तशी तरतूद आहे, आणि ती वळसा घालून टाळण्यात अर्थ नाही. परंतु ती कोणत्या रचनेत आहे ते पाहिले पाहिजे. त्या रचनेत सर्वच शेतजमीन राज्याकडे जाते, मालकाला रोखे मिळतात, आणि जमीन जातिधर्माचा भेद न करता गावकऱ्यांना कसण्यास दिली जाते. तेथे न कमावलेले मूल्य कोणालाच मिळत नाही; पाटलालाही नाही, महारालाही नाही. आजच्या विकास योजनेत काय होते? उद्यानाचा हिरवा रंग एकाच्या शेतात पडतो आणि त्या उद्यानासमोर घरे बांधावयास मिळतात म्हणून भोवतालच्या दहा जणांच्या जमिनींचा भाव चढतो. न कमावलेले मूल्य येथे नाहीसे होत नाही. ते एकाच्या खिशातून निघून दहांच्या खिशात जाते. ही बाबासाहेबांची समाजव्यवस्था नव्हे. सर्वांचे न कमावलेले मूल्य समाजाकडे जात असेल तर आमची वीस गुंठे सर्वांत आधी घ्या. पण शेजाऱ्याचे त्याला राहणार असेल तर आमचेही आम्हांला मिळाले पाहिजे. हा नफ्याचा वाद नाही, समानतेचा आहे, आणि त्याची मुळे मालमत्तेच्या अनुच्छेदात नसून १४ व्या अनुच्छेदात आहेत.

हे मान्य केले म्हणजे भरपाईचा पैसा कोठून आणावयाचा ह्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. लहान नगरपंचायतीच्या तिजोरीत दरवर्षी पगारालाच ओढ लागते. ती लाखोंनी भरपाई देणार नाही, हे मी जाणतो. परंतु ज्यांच्या जमिनींचा भाव त्याच योजनेने चढला त्यांच्या चढलेल्या भावातून हा पैसा का येऊ नये? इंग्लंडने १९४७ च्या नगररचना कायद्याने हे फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिले. सर्व जमिनींचे विकास हक्क राष्ट्राच्या मालकीचे केले, नुकसान झालेल्यांसाठी ३० कोटी पौंडांचा निधी ठरवला, आणि बांधकामाची परवानगी मिळालेल्याकडून चढलेल्या भावाचा संपूर्ण शंभर टक्के आकार घेण्यास सुरुवात केली. सगळाच फायदा सरकार घेणार म्हटल्यावर जमिनी विकायला कोणी पुढे येईना, आणि सरकार बदलताच काही वर्षांत तो आकार रद्द झाला. त्यातून शिकावयाचे ते एवढे की सगळे घेऊ नये.

आपल्या कायद्याने अर्ध्याची मर्यादा आधीच घातली आहे. १९६६ च्या कायद्यातील नगररचना योजना म्हणजे विकास योजना नव्हे. तिचा मूळ साचा मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या कायद्यापासूनचा आहे. तीत परिसरातील सर्व जमिनी एकत्र मांडतात, रस्ते व उद्यानासाठी प्रत्येकाकडून थोडी थोडी घेतात आणि प्रत्येकाला नवा आखीव भूखंड परत देतात. कोणाचे किती कमी झाले आणि कोणाचे किती वाढले ते एकाच वहीत लिहिले जाते, आणि वाढलेल्या मूल्याच्या निम्म्यापर्यंत अंशदान घेता येते. गुजरातने हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवली. महाराष्ट्रात मात्र नकाशावर रंग भरून दहा वर्षे वाट पाहण्याची पद्धत रूढ झाली, कारण रंग भरणे स्वस्त आहे. नकाशा काढणाराची बुद्धी दुष्ट असते असे मला म्हणायचे नाही. जेथे बांधकाम नाही आणि जेथून हरकत येण्याचा संभव कमी, तेथे ब्रश सहज फिरतो. गावाच्या कडेची, वीस वारसांच्या नावांची, निम्मे वारस मुंबईत असलेली जमीन ह्या दोन्ही कसोट्यांना उतरते.

पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देऊ असे हल्ली सर्रास सांगितले जाते. दाट वस्तीबाहेर जमिनीच्या साधारणतः दुप्पट हक्क मिळतात हे ऐकून माणूस भुलतो. परंतु तो हक्क दुसऱ्या भूखंडावर वापरताना दोन्ही जागांच्या रेडीरेकनर दरांच्या प्रमाणात घटतो किंवा वाढतो. स्वस्त जागेतून निघालेला हक्क महाग जागी आखडतो. मुख्य म्हणजे तो कोणीतरी विकत घेतला पाहिजे. पुण्यात घेणारे आहेत. ज्या गावात बिल्डरला मूळ चटईक्षेत्रच पुरे पडते तेथे टीडीआरचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापलीकडे कामाचे नाही. आणि पुण्यातही सर्वांना सारखे माप लागले असे नाही. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या तेवीस गावांतील हजार हेक्टरांच्या आसपास डोंगरजमिनीवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण २०१५ साली कायम झाले आणि मोबदला ठरला आठ टक्के टीडीआर. सपाटीवरच्या रस्त्याखाली गेलेल्या जमिनीला दुप्पट आणि डोंगरउताराला आठ टक्के! डोंगरावर बांधू देऊ नये हे योग्यच. पण हे आठ टक्के कोणत्या हिशेबाने आले, ते मालकांना कोणी समजावून सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

सर्वांत मोठे नुकसान मात्र कोणत्याच हिशेबात येत नाही, ते काळाचे. वरच्या उदाहरणातील ३० लाखांवर सहा टक्के सरळ व्याज धरले तरी वर्षाला १ लाख ८० हजार होतात. दहा वर्षांची प्रतीक्षा आणि नोटिशीनंतरची दोन वर्षे मिळून २१ लाख ६० हजार. आरक्षण व्यपगत झाले तर मालकाला जमीन मोकळी मिळते, पण ह्या बारा वर्षांचा एक पैसाही मिळत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये असे ठरवले की जमिनीचा सर्व उपयोग हिरावणारा निर्बंध मागाहून उठवला तरी मधल्या काळाची भरपाई द्यावी लागते. आपल्याकडे अद्याप तेथवर मजल गेलेली नाही. तथापि वारे बदलत आहे. मे २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३०० अ ह्या अनुच्छेदात सात उपहक्क असल्याचे सांगितले. नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, वाजवी भरपाई, कार्यक्षम व मुदतीतील कार्यवाही आणि तिची पूर्तता असे ते सात होत. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातील एका रस्ताप्रकल्पाच्या खटल्यात, २००३ साली संपादनाची अधिसूचना निघून जमीन गेली तरी भरपाई न मिळालेल्या मालकांना २०१९ च्या बाजारभावाने ती देण्याचा आदेश झाला. उशिराची किंमत उशीर करणाऱ्याने भरावी, हे तत्त्व आता न्यायालयात उभे राहू शकते.

आपल्या कुटुंबांनी काय करावे? तालुक्याच्या गावी विकास योजना तयार होत आहे अशी कुणकुण लागताच तिचा भाग-नकाशा पाहावा. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीला तीसच दिवस मिळतात, आणि हरकत लेखी, पोच घेऊन द्यावी. सातबाऱ्यावर सर्व वारसांची नोंद करून घ्यावी. कलम १२७ ची नोटीस हितसंबंधी व्यक्तीही देऊ शकते, परंतु हक्काची कागदपत्रे तिला जोडावी लागतात, आणि नावच नसलेला वारस काय जोडणार? योजना ज्या वर्षी अमलात आली त्या वर्षीचे रेडीरेकनरचे पान, झोन दाखला, मोजणी नकाशा आणि शेजारच्या बिनशर्त जमिनींची खरेदीखते आजच काढून ठेवावीत. दहा वर्षांनी ती शोधणे अवघड जाते.

धर्मांतरामुळे वतनी जमिनीवरचा हक्क जातो काय, असे काही कार्यालयांत विचारले जाते व नवबौद्ध कुटुंबे गांगरतात. तो मुळीच जात नाही. धर्म बदलल्याने मालमत्तेचा किंवा वारशाचा हक्क बुडत नाही, हे १८५० च्या कायद्यापासून ठरलेले आहे, आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. असे विचारणाऱ्यास तो प्रश्न लेखी देण्यास सांगावे. बहुधा तो लिहून देत नाही.

त्या वृद्ध गृहस्थांच्या आरक्षणाला दहा वर्षे पुरी व्हावयास अद्याप चार वर्षे आहेत. तेवढी वाट न पाहता कलम ४९ खालील खरेदीची नोटीस आम्ही तयार केली आहे. तिला जोडलेल्या मूल्यांकनात लगतच्या तीन बिनशर्त भूखंडांची खरेदीखते आधाराला घेतली आहेत, आरक्षण नाही असे समजून किंमत काढली आहे, आणि नजराण्याच्या रकान्यात शून्य लिहिले आहे. मुलाने विचारले, हे शून्य ते खोडतील ना? खोडतील, असेच मी त्याला सांगितले. मात्र खोडताना कारण लिहावे लागेल, आणि त्या कारणावरच पुढचा अर्ज उभा राहील. नोटीस ह्या आठवड्यात रवाना होत आहे.